बँकर कर्जतलाच लागतो : घरच्या सर्व्हरची दुखणी ओळखताना

पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. ‘दादा, रात्री लाइट गेली होती. आली, आणि तेव्हापासून सर्व्हर सुरूच होत नाही.’ मी विचारतो, ‘मग तुम्ही काय केलंत?’ त्याचं उत्तरही ठरलेलं : ‘दहा-बारा वेळा बंद-चालू करून बघितलं.’ ते ऐकून वाईट वाटतं, कारण मूळ बिघाडापेक्षा या दहा-बारा वेळांनीच अनेकदा जास्त नुकसान केलेलं असतं.

‘घरचा सर्व्हर’ हा शब्द कर्जत-खालापूरकडे फार कुणाच्या तोंडी नाही, पण ती वस्तू बऱ्याच घरांत आहे. दहिवलीतला एखादा फोटोग्राफर जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन हार्ड डिस्क बसवून त्यावर लग्नांचं शूटिंग ठेवतो. नेरळ, कशेळे, कडाव बाजूच्या फार्महाउसवर आठ-दहा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर असतो. एका हार्ड डिस्कवर चालणारा तोही एक छोटा सर्व्हरच. खोपोलीतल्या एखाद्या टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात सगळ्या गिऱ्हाइकांचे हिशोब एकाच मशीनवर असतात. चौक गावातल्या एखाद्या घरात मुलांचे जन्मापासूनचे फोटो असतात आणि त्यांच्याच शेजारच्या फोल्डरमध्ये सातबारा, फेरफार, खरेदीखतं. मशीन बिघडलं तर बाजारातून नवीन आणता येतं. आत ठेवलेलं मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.

म्हणून या लेखात एकच क्रम सांगायचा आहे. आधी माहिती वाचवायची, मग मशीन दुरुस्त करायचं. आणि दोष शोधताना बाहेरून आत यायचं. भिंतीतला सॉकेट, मग केबल, मग एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), मग रॅम आणि बोर्ड, आणि शेवटी डिस्क.

## आपल्याच घरात अंधार, की अख्ख्या वाडीत?

लाइट गेली की आपण आधी खिडकीतून बाहेर बघतो. शेजारी दिवे दिसले तर आपला फ्यूज किंवा एमसीबी तपासतो. सगळी वाडी अंधारात असेल तर डीपीवर काहीतरी झालंय हे कळतं, आणि घरातला बोर्ड कुणी उघडत बसत नाही. सर्व्हरचा दोष शोधताना हीच रीत वापरा.

एकाच डिस्कवर चुका दिसत असतील तर दोष त्या डिस्कचा, तिच्या केबलचा किंवा ती लावलेल्या पोर्टचा. दोन-तीन डिस्कवर एकाच वेळी चुका येऊ लागल्या तर सगळ्या डिस्क एकाच दिवशी मेल्या असं समजू नका. सगळ्यांना सामायिक काय आहे ते बघा : एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड किंवा डिस्क जोडायचं कार्ड. थकलेल्या एका एसएमपीएसपायी धडधाकट डिस्क बदलल्या गेल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरी रीत अदलाबदलीची. शंका असलेल्या डिस्कची केबल चांगल्या डिस्कला लावा आणि चांगल्या डिस्कची हिला. चूक केबलबरोबर दुसऱ्या डिस्ककडे गेली तर केबल बदला. चूक डिस्कबरोबरच राहिली तर दोष डिस्कचा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलून मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं हे कळत नाही आणि महिन्याभराने तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, ती कधी घेतली आणि कुठल्या पोर्टला लावली आहे ते लिहून ठेवा. हाच नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून डिस्कच्या दिसणाऱ्या कडेला चिकटवा. सिस्टिम डिस्कना अक्षरं देते, पण ती मशीन पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. ‘बी’ खराब आहे म्हणून ‘बी’ काढली आणि प्रत्यक्षात निघाली ती चांगली डिस्क, असा अपघात घरच्या सर्व्हरवर फार सहज होतो.

## वीज : सगळ्यात आधी बघायची गोष्ट

आपल्या भागाचं विजेशी नातं जुनं आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली ती इथून. भिवपुरीचं केंद्र त्यानंतरचं. पण डोंगर, झाडी आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस असलेल्या मुलखात तारांवर फांदी पडणारच, वीज कडाडणारच. सर्व्हरला नुसती लाइट जाण्याने त्रास होतो असं नाही. लाइट येताना बसणारा झटका आणि दोन मिनिटांत तीनदा होणारी ये-जा जास्त घातक असते. लाइट जाते त्या क्षणी डिस्क लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते. पुन्हा पुन्हा फिरायला लागून पुन्हा पुन्हा थांबणं डिस्कच्या मोटरला सोसत नाही.

पहिला उपाय यूपीएस. साध्या 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि घरच्या सर्व्हरला ती दहा-पंधरा मिनिटं पुरते. तेवढी मिनिटं काम करण्यासाठी नाहीत, मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर तो सर्व्हरला जोडा आणि ‘नट’सारखा प्रोग्राम बसवा. बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आपोआप नीट बंद होतो. पोर्ट नसेल तरी एक युक्ती चालते. यूपीएसवर नसलेल्या एखाद्या नेटवर्कच्या उपकरणाला सर्व्हरने दर मिनिटाला हाक मारायची. पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर लाइट गेली असं धरून सर्व्हरने बंद व्हावं, अशी छोटी स्क्रिप्ट कुणीही जाणकार लिहून देईल. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. ती पावसाळ्यात ऐन वेळी दगा देण्याआधी मे महिन्यातच तपासा.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं धरून चालू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते लावा, आणि नवीन घेताना साइन वेव्हचाच घ्या.

दुसरा उपाय अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सर्व्हर बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटर लावून त्यांनी दोन गोष्टी बघायच्या. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास 230 व्होल्ट मिळायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार व्होल्ट. सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्यामागे तारच नाही, अशी घरं आजही सापडतात. अर्थिंग नसेल तर महागातला स्पाइक गार्डही झटका कुठे पाठवणार?

तिसरी गोष्ट वीज कडाडण्याची. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आपण प्लग काढतो, पण नेटवर्कची केबल विसरतो. फार्महाउसवर मुख्य घरापासून गेटवरच्या खांबापर्यंत कॅमेऱ्याची तांब्याची केबल उघड्यावरून गेलेली असते. जवळ कुठे वीज पडली तर झटका त्या केबलीतून थेट स्विचमध्ये आणि तिथून डीव्हीआरमध्ये येतो. इमारतीबाहेर जाणारी लांब केबल शक्य असेल तिथे फायबरची करा. ते जमत नसेल तर दोन्ही टोकांना अर्थिंग केलेलं सर्ज प्रोटेक्टर बसवा.

## मशीन सुरूच होत नसेल

वारंवार बटण दाबू नका. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून वीज येते का ते बघा. पॉवर केबल बदला. एसएमपीएसच्या मागचं बटण चालू आहे ना, हे बघा; साफसफाईत ते बंद झालेलं असतं. मग प्लग काढून समोरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर साठलेला चार्ज उतरतो.

तरीही सुरू होत नसेल तर आता सगळ्या डिस्कच्या पॉवर केबल काढून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एसएमपीएस किंवा बोर्ड आजारी असेल तर तपासणी होईपर्यंत डिस्क त्यापासून लांब राहिलेल्या बऱ्या. डिस्कशिवाय मशीन सुरू झालं तर एखादी डिस्क शॉर्ट आहे किंवा एसएमपीएसला भार पेलवत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर क्षणभर दीड-दोन अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की जुना एसएमपीएस बसतो.

डिस्क काढूनही सुरू होत नसेल तर रॅमच्या पट्ट्या काढा. सोनेरी पट्टीवर दमट हवेने थर आलेला असतो. तो स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा भुगा झटका आणि एकच पट्टी लावून बघा. कर्जतकडच्या पावसाळ्यात ‘डेड’ म्हणून आलेली कितीतरी मशीन एवढ्यानेच सुरू होतात. बोर्डवरची उभी, डब्यासारखी कपॅसिटर वरून फुगली आहेत का, त्यांच्या बुडाशी काही पाझरलं आहे का, तेही बघा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

बोर्डवरचा नाण्याएवढा सीमॉस सेल लहान असला तरी त्याच्यामुळे मोठी घबराट होते. हा 3 व्होल्टचा सीआर2032 सेल उतरलेला असेल आणि लाइट गेली, तर बायोसमधल्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममधल्या, तुमच्या सगळ्या निवडी पुसल्या जातात. तारीख मागे जाते, डिस्क ओळखण्याची पद्धत बदलते आणि सिस्टिम म्हणते की डिस्कच नाहीत. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करायला सांगणारी खिडकी आली तर ‘नाही’ म्हणा. आधी सेल बदला आणि बायोसमधली जुनी निवड परत आणा. ती निवड कुठली होती हे आठवण्यासाठी बायोसच्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवलेले असावेत.

मशीन सुरू होऊन तासाभराने बंद पडत असेल तर ऊब आणि रॅम यांच्याकडे बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पंख्यात धुळीची गादी बसलेली असेल तर आतलं तापमान त्याहून कितीतरी वर जातं. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवीन लावा. रॅमची परीक्षा ‘मेमटेस्ट’ने घ्या, रात्रभर चालू ठेवली आणि सकाळी एक जरी चूक दिसली, तरी ती पट्टी बदला. खराब रॅम नुसती मशीन बंद पाडत नाही, ती फाइल लिहितानाच चुकीची लिहिते. चूक कळेपर्यंत बॅकअपमध्येही तीच खराब फाइल गेलेली असते.

## डिस्क दिसत नसेल

बायोसमध्ये दिसते की नाही हे आधी बघा. तिथे दिसते आणि सिस्टिममध्ये नाही, तर प्रश्न बहुधा फाइल-रचनेचा. तिथेही नाही, तर केबल, पोर्ट, वीज, या क्रमाने जा. डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल स्वस्त असते आणि सैलही होते. दोन नवीन केबल घरात कायम ठेवा. एका वायरीतून दोन डिस्कला वीज देणारे साचेबंद प्लास्टिकचे स्प्लिटर टाळा. त्यांच्यात आत शॉर्ट होऊन जळण्याचे प्रकार घडतात.

एक्सटर्नल ड्राइव्हच्या खोक्यातून काढलेली डिस्क सर्व्हरमध्ये बसवली आणि ती फिरतच नाही, असंही होतं. काही नव्या डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर वीज आली की डिस्क झोपून राहते. जुना एसएमपीएस त्या पिनवर 3.3 व्होल्ट देतो, म्हणून ती उठत नाही. डिस्क मेलेली नसते. जोडणी बदलली की चालते. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

## डिस्कची नाडी

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. लिनक्सवर ती ‘स्मार्टसीटीएल’ने वाचता येते, विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने. ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही सर्व्हरची सिस्टिम वापरत असाल तर त्यांच्या पडद्यावरच मिळते. आकड्यांची यादी मोठी असते, पण घरच्या कामाला थोडे क्रमांक पुरतात.

क्रमांक 5 म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून दुसरीकडे हलवलेले सेक्टर. क्रमांक 197 म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे, आणि 198 म्हणजे तपासणीतही न वाचलेले. हे तिन्ही शून्य असावेत. क्रमांक 5 मध्ये दोन-चार सेक्टर बरेच दिवस तेवढेच राहिले तर लक्ष ठेवून चालवता येतं. दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क जायला निघाली. 197 शून्याच्या वर गेला तर त्याच दिवशी कॉपी काढायला घ्या.

क्रमांक 199 वेगळा आहे. तो डिस्कचा दोष बहुधा दाखवत नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या केबलीत संदेश बिघडल्याचं सांगतो. केबल बदला. हा आकडा परत कधी कमी होत नाही, त्यामुळे नवी केबल लावल्यावर तो वहीत लिहा आणि आठवड्याने बघा. तेवढाच राहिला तर दुखणं गेलं.

क्रमांक 9 डिस्क किती तास चालली ते सांगतो. वर्षाचे 8,760 तास होतात. ‘नवीन’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर 20,000 तास दिसले तर ती कुठेतरी दोन वर्षांहून जास्त राबून आली आहे. लगेच परत करा. डीव्हीआरमधून काढलेली डिस्क रात्रंदिवस लिहीत आलेली असते. तिच्यावर लग्नांचं शूटिंग ठेवू नका. क्रमांक 194 तापमान. ते 45 अंशांच्या आत राहील असं बघा.

एनव्हीएमई एसएसडीवर हे क्रमांक नसतात. तिथे किती टक्के आयुष्य वापरलं, राखीव जागा किती उरली आणि माध्यमातल्या चुका किती, हे तीन आकडे बघायचे. हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुरत जाते. एसएसडी एखाद्या दिवशी सरळ दिसेनाशी होते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘पास्ड’ असा शेरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या अभ्यासकांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कमध्ये बिघाडाच्या चार ठळक खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे नाडी बिघडली तर नक्की धावपळ करायची, पण नाडी ठीक आहे म्हणून बॅकअप टाळायचा नाही.

## टकटक आवाज आणि पाणी

डिस्क टक-टक-टक असा ठरावीक लयीत आवाज करू लागली, किंवा फिरायचा प्रयत्न करून थांबू लागली, तर त्याच क्षणी वीज बंद करा. आतली वाचणारी सुई, म्हणजे हेड, तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ती बिघडली की प्रत्येक फेरीत तबकडीवर ओरखडा उठू शकतो, आणि ओरखड्याखालची माहिती कुठलाही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, तिला टिचक्या मारणं, घरी झाकण उघडून बघणं यांतलं काहीही करू नका. हेडखालच्या फटीच्या तुलनेत घरातल्या धुळीचा कण डोंगराएवढा असतो.

26 जुलै 2005 च्या पावसाची या भागातल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. उल्हासकाठी किंवा पाताळगंगेकाठी घर असेल तर सर्व्हर जमिनीवर ठेवूच नका. भिंतीतल्या उंच फळीवर ठेवा. तरीही डिस्क भिजली तर तिला वीज देऊ नका. हेअर ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका आणि तांदळात पुरू नका. पुराचं पाणी वाळलं की त्यातला गाळ तबकडीला घट्ट चिकटतो. डिस्क ओलसर राहील अशी बंद पिशवीत घालून तशीच माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.

असे तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आहेत. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. तपासणीचे पैसे किती? काम मूळ डिस्कवर करणार की तिची नक्कल काढून? डिस्क उघडायची वेळ आली तर धूळविरहित खोली आहे का? उत्तरं लेखी घ्या. ‘इथेच पाच मिनिटांत करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात एकुलती एक प्रत देऊ नका.

## आधी नक्कल, मग डागडुजी

डिस्क आवाज करत नाही, पण वाचताना अडखळते, अशा वेळी घाईने दुरुस्तीचा प्रोग्राम चालवण्याचा मोह होतो. हे प्रोग्राम डिस्कवर लिहितात. मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे धापा टाकणाऱ्याला डोंगर चढायला लावणं. स्मार्टची लांब चाचणीसुद्धा नंतर. ती काही तास चालते आणि डिस्कला पूर्ण राबवते.

क्रम असा ठेवा. सर्वांत महत्त्वाची फोल्डर आधी हाताने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा : फोटो, कागदपत्रं, हिशोब. मग तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या डिस्कवर ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण नक्कल काढा. हा प्रोग्राम पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर तिथे परत जातो. मधे लाइट गेली तरी नोंद असल्यामुळे काम तिथूनच पुढे सुरू होतं. दुरुस्तीचे सगळे प्रयोग या नकलेवर करा. मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवा.

## रेड म्हणजे बॅकअप नाही

दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, तेव्हा एक गेली तरी काम थांबत नाही. याला ‘रेड’ म्हणतात आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. विजेचा झटका दोन्ही डिस्कला एकत्र बसतो. चोर सगळा कॅबिनेटच उचलून नेतो.

एक डिस्क गेल्यावर दुसरी बसवाल तेव्हा उरलेल्या डिस्कवरून सगळी माहिती नवीकडे जाते. ताशी वेग चांगला धरला तरी 4 टीबीला सात-आठ तास लागतात आणि तेवढा वेळ जुनी डिस्क अखंड वाचली जाते. तिचं वयही बहुधा गेलेल्या डिस्कएवढंच असतं. म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी बॅकअप ताजा करा. नवी डिस्क सीएमआर पद्धतीची, म्हणजे लिहिण्याचे पट्टे सुटे असलेली, घ्या. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि अशा भरणीत त्या फार मंदावतात. 2020 साली काही घरगुती सर्व्हरच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हापासून खोक्यावरचं मॉडेल तपासून घेणं ही सवयच करायला हवी.

बॅकअपचा नियम साधा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यांतली एक घराबाहेर. इंटरनेटवरून पाठवायची तर 40 एमबीपीएसच्या अपलोडने तासाला साधारण 18 जीबी जातात. 500 जीबीला सव्वा दिवस लागेल. त्यापेक्षा पासवर्डने कुलूपबंद केलेली पोर्टेबल डिस्क डोंबिवलीच्या मावशीकडे किंवा पुण्याच्या भावाकडे दर दोन-तीन महिन्यांनी बदलून ठेवणं सोपं. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. त्यातली एखादी फाइल काढून उघडून बघा. उघडली तरच बॅकअप आहे.

## ओल, मुंग्या, पाली

चालू मशीन खोलीपेक्षा थोडं गरम असल्यामुळे आत ओल धरत नाही. बंद पडून राहिलेलं मशीन ओल धरतं. शनिवार-रविवारीच उघडणाऱ्या घरात हा त्रास नेहमीचा : आठवडाभर बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, आणि आल्या आल्या बटण दाबलं की शॉर्ट. अशा घरी आल्यावर आधी खिडक्या उघडा, पंखा लावा आणि तासा-दोन तासांनी सर्व्हर सुरू करा. एसीच्या खोलीतलं थंड मशीन बाहेरच्या दमट हवेत आणलं तरी तोच नियम.

पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारी पाखरं, मुंग्यांची रांग, एसएमपीएसच्या उबेला येणारी पाल, केबल कुरतडणारा उंदीर, हे सगळे आपल्याकडच्या बिघाडांचे खरे भागीदार आहेत. कॅबिनेटच्या रिकाम्या फटी बंद करा, हवेच्या जागी बारीक जाळी लावा आणि जाळी दर महिन्याला झटका. मशीनवर किंवा मशीनमध्ये कीटकनाशक फवारू नका.

## मे महिन्याची शाकारणी

पावसाआधी आपल्याकडे घर शाकारतात. कौलं परततात, फुटकी बदलतात, पन्हळी साफ करतात. पाणी गळायला लागल्यावर कुणी छपरावर चढत नाही. सर्व्हरसाठीही मेचा एक रविवार काढा. धूळ काढा, केबल दाबून बसवा, यूपीएसचा प्लग काढून बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघा, पाच वर्षांहून जुना सीमॉस सेल बदला, सगळ्या डिस्कचे आकडे वहीत लिहा आणि बॅकअपमधल्या पाच फाइल उघडा. दिवाळीच्या साफसफाईत हेच पुन्हा करा.

आधीच्या तयारीची हीच रीत रेल्वेचीही आहे. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या थांबतात आणि चढावर ढकलण्यासाठी त्यांच्या मागे बँकर इंजिनं जोडली जातात. कर्जतपुढच्या बोरघाटात, 1863 साली सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर, 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. घाटात ठाकूरवाडी किंवा मंकी हिलजवळ गाडी अडल्यावर जोर कुठून आणायचा, हा विचार तिथे पोचल्यावर कुणी करत नाही. इंजिन कर्जतलाच लागतं, गाडी अजून सपाटीवर उभी असताना, तिला त्याची गरज भासण्याआधी.

तुमचा सर्व्हर आज नीट चालत असेल तर तो सपाटीवर उभा आहे. वही काढा, सिरियल नंबर लिहा आणि पहिली कॉपी आज रात्रीच लावून झोपा.